कागदावरचं भूत आणि पाड्यावरची भुताळी

आमच्या जव्हार-मोखाड्याच्या भागात भुतांची टंचाई कधी पडली नाही. पाण्याची पडायची, उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन दरीत उतरायच्या. धान्याची पडायची, आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसायचा. पण भुतं बारा महिने पुरून उरायची. ओहळाच्या डोहात गिऱ्हा, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ, शिवेवर आणखी कोण कोण. मुंजा मात्र आमच्या पाड्यावर नव्हता. मुंज कुणाची व्हायचीच नाही, तर मुंजा येणार कुठून? मुंजा, समंध, ब्रह्मराक्षस ही मंडळी आम्हाला पुस्तकात भेटली.

भुताखेतांची ही चित्रांची पुस्तकं १९७० ते ७५ च्या सुमारास आमच्याकडं कशी आली, आम्ही ती कशी वाचली, आणि त्याच वर्षांत पाड्यावर भुताच्या नावानं काय चालायचं, हे लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे. शहरातली माणसं त्या पुस्तकांच्या आठवणी काढतात तेव्हा त्यांना बालपण आठवतं, गंमत वाटते. मलाही वाटते. पण आमच्याकडं त्या गमतीला दुसरी एक बाजू होती, ती त्यांच्या आठवणीत नसते.

तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. जव्हार त्याच्याही आधी मुकणे राजांचं संस्थान, ते १९४८ साली विलीन झालं. त्यामुळं जव्हारला राजवाडा, शाळा, बाजारपेठ असं सगळं होतं आणि एसटी होती. मोखाड्यावरून त्र्यंबक, तिथून नाशिक असा तो रस्ता. त्या एसटीनं वर्तमानपत्रं यायची, आणि त्यांच्याबरोबर कधी 'चांदोबा', कधी 'इंद्रजाल कॉमिक्स'. विकत घेणारे थोडे. व्यापाऱ्यांची पोरं, कचेरीतल्या साहेबांची पोरं. आमच्यापर्यंत ते अंक यायचे दुसऱ्या वाटेनं. दुकानदार रद्दीच्या पानात मीठ-मिरची बांधून द्यायचा. पुडी घरी आली की आई मीठ काढून घ्यायची आणि कागद माझा. अशा तऱ्हेनं मी विक्रम-वेताळाच्या गोष्टी वाचल्या. कधी नुसती सुरुवात, कधी नुसता शेवट. राजानं प्रेत खांद्यावर घेतलंय एवढं दिसायचं आणि पुढं काय झालं ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरी हळदीच्या पुडीला गेलेलं असायचं.

पुढं आश्रमशाळेत गेलो. तिथल्या एका गुरुजींकडं 'चांदोबा'चे जुने अंक शिवून ठेवलेले होते. रात्री कंदिलाभोवती बसून पोरं आळीपाळीनं वाचायची. वाचणाऱ्याचा आवाज बारीक होत जायचा. लघवीला जायचं तर चौघं मिळून जायची.

त्या मासिकाचा इतिहास मला पुष्कळ वर्षांनी कळला. मद्रासला बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या एक महिना आधी, 'चंदामामा' काढला. आधी तेलुगू आणि तमिळ, मग एकेक भाषा वाढत गेली. मराठीत तो 'चांदोबा' नावानं १९५२ पासून येऊ लागला. ही दोघं सिनेमा काढणारी माणसं, त्यामुळं चित्र कसं दिसलं पाहिजे ते त्यांना ठाऊक. विक्रम-वेताळाचं ते प्रसिद्ध चित्र, हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागं स्मशान, ते शंकर नावाच्या चित्रकारांचं. त्यांचं पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. १९५२ ला ते तिथं लागले आणि साठ वर्षांच्या आसपास तेच काम करत राहिले. २०२० साली गेले. आमच्या पाड्यावर एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं, पण त्यांच्या वेताळाला सगळी ओळखत होती.

वेताळाच्या मूळ गोष्टी पंचवीस. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागर' लिहिलं, त्यात त्या आहेत. पंचवीस संपल्यावर 'चांदोबा'नं थांबायला हवं होतं, पण थांबला नाही. त्याच साच्यात नव्या गोष्टी घालत गेला. दर महिन्याला राजा झाडाकडं जाणार, प्रेत काढणार, वेताळ गोष्ट सांगणार, प्रश्न विचारणार, राजा बोलला की वेताळ परत झाडावर. हे काम ज्यांच्या हाताखाली चालायचं ते कोडवटिगंटि कुटुंबराव तेलुगूतले मोठे लेखक आणि विचारानं मार्क्सवादी. भूत-पिशाच्च न मानणारा माणूस देशभरच्या पोरांना दर महिन्याला भुताची गोष्ट पुरवत होता. हे वाचलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग पटलं. कारण वेताळाची गोष्ट भीतीवर संपतच नाही. भीती दाखवून झाली की तो न्यायाचा प्रश्न घालतो. चूक कुणाची? हक्क कुणाचा? उत्तर माहीत असून सांगितलं नाहीस तर डोक्याची शकलं होतील. म्हणजे ज्याला कळतं त्यानं गप्प बसू नये, ही त्या भुताची अट.

ती गोष्ट आठवते, मुंडकी बदलल्याची. एका बाईचा नवरा आणि भाऊ दोघांची मुंडकी तुटतात. देवी म्हणते, मुंडकी धडांना लाव, जिवंत करते. बाई घाईत उलटी लावते. आता तिचा नवरा कोणता? विक्रम सांगतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो. गुरुजींनी सांगितलेली ही गोष्ट सुट्टीत घरी आल्यावर मी आजीला सांगितली. आजीला उत्तर पसंत पडलं नाही. "डोक्याचं काय घेऊन बसलास? हात ज्याचे त्याची बायको. शेत काय डोक्यानं नांगरतात?" यावर पडवीत अर्धी रात्र वाद झाला. चुलता राजाच्या बाजूचा, आजी एकटी एका बाजूला. भूत कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

दुसरा वेताळ 'इंद्रजाल'चा. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ च्या मार्चमध्ये हे कॉमिक्स सुरू केलं, ते १९९० पर्यंत चाललं. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकानं १९३६ साली 'फँटम' म्हणून जो नायक काढला होता, त्यालाच मराठीत 'वेताळ' केला. अंगाला घट्ट कपडे, डोळ्यांवर पट्टी, कवटीच्या आकाराची गुहा, आणि बोटात कवटीची अंगठी. ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर कवटीचा छाप उठायचा. छापणारे हुशार होते. मूळ गोष्टीतल्या देशाचं नाव बंगालसारखं वाटायचं, तर त्यांनी ते बदलून 'डेंकाली' करून टाकलं.

या वेताळाची गंमत अशी की तो भूत नसतोच. चारशे वर्षं तो मरत नाही असं जगाला वाटतं. खरं म्हणजे बाप मेला की मुलगा तेच कपडे घालतो, तोच मुखवटा चढवतो आणि गुहेत बसतो. हे गुपित कुणाला ठाऊक? जंगलातल्या बांदर जमातीला. बंदरावरचे, शहरातले, बंदुकवाले सगळे घाबरतात आणि जंगलवाले मनात हसतात. गोरा माणूस जंगलाचा राजा आणि काळी माणसं त्याची सेवक, हा त्या गोष्टीतला वाकडेपणा मोठेपणी दिसला आणि खटकलाही. पण पोरवयात आम्ही बांदरांच्या बाजूनं वाचायचो. गुपित आम्हाला माहीत, यात फार समाधान होतं.

आणि हे गुपित समजायला आम्हाला काही कष्ट पडले नाहीत, कारण आमच्याकडं बोहाडा होता. चैत्र-वैशाखात मोखाड्याला, जव्हारला, आजूबाजूच्या गावांत जगदंबेच्या नावानं बोहाडा होतो. रात्रभर संबळ वाजतो, टेंभ्यांच्या उजेडात सोंगं नाचत येतात. आधी गणपती, सारजा, मग देव-दानवांची रांग, नारसिंह, रावण, आणि शेवटाला देवी येऊन महिषासुराला मारते. मुखवटे लाकडाचे असतात, कागदाच्या लगद्याचेही असतात. जव्हारजवळच्या रामखिंडचे कागदी मुखवटे नावाजलेले आहेत. कुठलं सोंग कुणी घ्यायचं ते घराण्यात ठरलेलं. बापाचं सोंग लेकाकडं. आमच्या चुलत्याकडं राक्षसाचं सोंग होतं. तो दात विचकत टेंभ्याच्या धुरातून यायचा तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा. तो चुलता आहे हे मला पक्कं माहीत होतं. सकाळी मी त्याच्याबरोबर लाकडं तोडायला गेलेलो असायचो. तरीही भीती वाटायची. आणि पहाटे मुखवटा उतरवून तो तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचा, तेव्हा सगळं गाव त्याच्याकडं बघून हसायचं. 'इंद्रजाल'मधला वेताळ आमच्या लेखी बोहाड्यातलंच एक सोंग होता. फक्त तो घराणेशाहीनं सोंग घेऊन झोपायचासुद्धा.

आमच्या भिंतीवरही असंच होतं. वारल्यांच्या लग्नात चौक लिहितात, त्यात पालघट देवी आणि तिच्याजवळ पंचशिऱ्या देव. त्याला मुंडकं नाही, मानेतून कणसं उगवलेली. हेच चित्र एखाद्या कॉमिकमध्ये रात्रीच्या काळ्या रंगात छापलं तर पोरं किंचाळतील. आमच्याकडं ते लग्नाचं, पिकापाण्याचं, बरकतीचं. योगायोग बघा. ज्या वर्षांत मद्रास-मुंबईची छापील चित्रं आमच्याकडं वर चढत होती, त्याच वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे गृहस्थ डहाणूकडच्या पाड्यांवर फिरून वारल्यांची चित्रं भिंतीवरून कागदावर उतरवून घेत होते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कागदी चित्रं घाटानं वर येत होती आणि आमची चित्रं कागदावर बसून खाली चालली होती.

मोठ्यांसाठीही तेव्हा भयकथांचा हंगाम होता. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ही दोन नावं. धारपांचा समर्थ मी हायस्कूलला असताना वाचला, पुस्तक हातोहात फिरून पानं मऊ झालेली. मतकरींच्या गोष्टीत भूत कमी आणि माणूस जास्त, त्यामुळं त्या जास्त झोंबायच्या.

आता जरा लांब जातो, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. अमेरिकेत या चित्रांच्या पुस्तकांवरून १९५४ साली मोठं वादळ उठलं. पोरं बिघडतात म्हणून त्यांच्या संसदेच्या समितीपुढं सुनावणी झाली. घाबरून प्रकाशकांनी स्वतःच नियमावली केली आणि रक्त पिणारे, प्रेतं खाणारे, लांडगा होणारे असे सगळे पुस्तकातून हद्दपार केले. १९७१ मध्ये तो नियम सैल झाला. लगेच १९७२ ला ड्रॅक्युलाचं नवं कॉमिक बाजारात. चालतं प्रेत, म्हणजे झोंबी, त्याला मात्र बंदी तशीच राहिली. तर एका कंपनीनं त्याचं नाव बदलून 'झुवेम्बी' केलं आणि काम चालू ठेवलं. आपल्याकडं नावं बदलून दारू विकतात तसंच.

अमेरिकेत हे चाललं होतं तेव्हा इंग्लंडनं १९५५ मध्ये कायदा केला आणि पाठोपाठ आपल्या संसदेनंही, १९५६ साली. वीस वर्षांखालच्या मुलांना बिघडवतील अशी गुन्ह्यांची, क्रौर्याची, किळसवाण्या-भयानक प्रकारांची चित्रकथांची पुस्तकं विकली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. देश स्वतंत्र होऊन नऊ वर्षं झाली होती. कागदावरच्या भुतापासून पोरांना वाचवायचं एवढी काळजी तेव्हाच्या सरकारला होती, चांगलंच आहे. पाड्यावरच्या भुतापासून कुणाला वाचवायला कायदा नव्हता.

त्याबद्दल सांगतो. साल ७३, पावसाळा. आमच्याकडं पाऊस धोधो पडतो, पण भूक पडते ती त्याच दिवसांत. नागली-वरई अजून शेतात, घरात काही नाही. कडूकंद आणून, चकत्या करून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, शिजवून खायचे. मोठं माणूस तग धरतं, लेकरू धरत नाही. ताप आला, जुलाब लागले की दोन दिवसांत संपतं. त्या पावसाळ्यात शेजारच्या पाड्यावर एका घरातलं लेकरू गेलं, पाठोपाठ दुसऱ्या घरातलं. एकाची म्हैस आटली. मग भगताला बोलावलं. त्यानं सुपात तांदूळ टाकले, दाणे पाहिले, अंगात आणलं आणि सांगितलं, पाड्यावर भुताळी आहे. नाव घेतलं नाही, पण खूण अशी सांगितली की नाव घ्यायची गरज उरली नाही. एकटी विधवा बाई. नात्यानं माझी लांबची आत्या.

तिला मारलं. किती मारलं ते मी पाहिलं नाही, दुसऱ्या दिवशीचं तिचं तोंड पाहिलं. ती आमच्या घरी आली, आजीनं तिला गरम पाण्यानं शेकलं, पेज पाजली. ती कुणालाही शिव्या देत नव्हती, हे मला अजून आठवतं. एवढंच म्हणत होती की मी त्या पोराला मांडीवर घेतलं होतं, ते रडत होतं म्हणून घेतलं होतं. पाऊस थोडा उघडल्यावर माझा बाप तिला वैतरणेपलीकडं तिच्या भावाकडं पोचवून आला. ती परत आली नाही.

पुढच्या वर्षी तिच्या वरकस जमिनीत नागली लावली तिच्या दिरानं. भगताला बोलवायला सगळ्यात आधी गेला होता तोच. आम्ही त्या वाटेनं जात होतो. आजी बांधावर थांबली, हिरव्यागार नागलीकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "तुझ्या त्या वेताळाला इथं बोलाव रं. त्यानं विचारावं, बाई गेली, जमीन कुणाची झाली?"

आजी निरक्षर होती. पण गोष्टीचा उपयोग तिला गुरुजींपेक्षा चांगला कळला होता. वेताळ प्रश्न विचारतो. भगत प्रश्न विचारूच देत नाही. तो उत्तर देतो, आणि ते उत्तर नेमकं ज्याला कुणी नाही अशा माणसावर जाऊन बसतं. चांदोबातल्या भुताला शेवटचं पान असतं. पान उलटलं की जाहिरात. बोहाड्यातल्या राक्षसाला पहाट असते. पण जिवंत बाईच्या अंगावर चढवलेला मुखवटा उतरवायची सोय गावानं ठेवलेली नसते. तिला तो घालूनच गाव सोडावं लागतं, नाहीतर जग.

ज्या भुकेनं ती लेकरं गेली ती भूक काही तिथंच थांबली नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला आमच्या भागाचं नाव कळलं. मंत्री आले, गाड्या आल्या, पेपरात फोटो आले. कुपोषण हा शब्द आमच्याकडं तेव्हा घराघरांत पोचला. मला तो शब्द ऐकून आत्या आठवली. वीस वर्षं आधी तो शब्द पाड्यावर कुणाला माहीत असता, तर लेकरं कशानं गेली याचं दुसरं उत्तर निदान समोर आलं असतं. रोगाला नाव नसलं की माणसाचं नाव घेतलं जातं.

भुताळी ठरवण्याविरुद्ध कायदा झाला २०१३ साली. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी कितीतरी वर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा. त्याची अनुसूची मी ग्रामपंचायतीत बसून वाचली आहे. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते असं म्हणून तिच्याबद्दल संशय पसरवणं हा गुन्हा. त्यावरून मारहाण, धिंड हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. दूध आटण्याची गोष्ट कायद्यात वाचली तेव्हा वाटलं, हे लिहिणाऱ्यानं आमचा पाडा पाहिलेला आहे. चित्रातल्या भुतासाठी १९५६, माणसावर लादलेल्या भुतासाठी २०१३. मध्ये सत्तावन्न वर्षं गेली. त्या सत्तावन्न वर्षांत वैतरणेपलीकडं किती जणी पोचवल्या गेल्या त्याचा हिशोब कुठल्या कचेरीत नाही.

'चांदोबा' आता येत नाही. 'इंद्रजाल'चे जुने अंक हौशी लोक मोठ्या किमतीला घेतात म्हणे. बोहाडा चालू आहे, चुलत्याचं सोंग त्याच्या नातवाकडं आहे आणि तो बरं नाचतो. माझी नातवंडं मोबाइलवर भुतांचे सिनेमे पाहतात, पांघरुणात तोंड घालून किंचाळतात, आणि सून माझ्याकडं तक्रार घेऊन येते. मी म्हणतो, बघू दे. ते भूत पडद्याबाहेर येत नाही. घाबरायचं कसं आणि घाबरून झाल्यावर हसायचं कसं, हे पोरांना त्यातून कळतं. आम्हीही तसंच शिकलो.

माझं लक्ष दुसरीकडं असतं. कुठं लेकरू आजारी पडलं आणि दवाखान्याआधी सूप-तांदूळ निघाले असं कानावर आलं की मी जातो. आमच्या वयाला लोक थोडा मान देतात, बसायला घोंगडी टाकतात. भगताशी मी भांडत नाही. त्याचं चालू असतं तोवर मी पोराला उचलून गाडीवर बसवायला सांगतो. आणि एखाद्या बाईकडं बोट जायला लागलं की सगळ्यांच्या देखत एवढंच विचारतो, तिच्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?